ओलं सरपण आणि संगणकातली आग

इथे येताना साकोलीच्या महामार्गावरची ट्रकांची रांग आपण पाहिलीच असेल. त्या प्रत्येक इंजिनात सेकंदाला कितीतरी वेळा आग लागते, आणि तिला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण लगेच नाही. सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा विलंब होतो. तो लांबला तर साचलेलं इंधन एकदम पेटतं, इंजिन ठोके देतं.

हा विलंब संगणकाने काढायचा कसा? मिथेनसारख्या साध्या वायूच्या ज्वलनाच्या एका प्रसिद्ध आराखड्यातच 53 पदार्थ आणि 325 अभिक्रिया आहेत. डिझेल तर शेकडो संयुगांचं मिश्रण. त्यात ज्योतीतले भोवरे, मोठ्यांच्या पोटात लहान. सगळे भोवरे मोजायचे तर महासंगणकावरही लहानशी पेटीच मावते. म्हणून अख्ख्या इंजिनासाठी बारीक भोवऱ्यांचा परिणाम गृहीत धरतात.

आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांचे कान इथे टवकारतात. धूर दिसला की आग आहे, हे अनुमान नैयायिकांना मान्य. उलट, आग आहे म्हणजे धूर असणारच, हे मात्र अमान्य. कारण त्यात ओल्या सरपणाची अट लपलेली असते. तिला ते ‘उपाधी’ म्हणतात. जन्मभर ओली लाकडंच जाळणाऱ्याला ही अट कळणार कशी?

डिझेलऐवजी अभ्यासात वापरतात ते हेप्टेन घ्या. तापमान वाढलं की ते लवकर पेटेल, असं आपण म्हणू. बहुतेक वेळा खरंही आहे. पण साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, दाबानुसार थोडं मागेपुढे, ते उलट उशिरा पेटतं! कमी तापमानाला इंधनाचे तुकडे ऑक्सिजनशी जोडले जाऊन साखळी पुढे नेतात. उष्णता वाढली की ते जोड सुटतात, साखळी मंदावते. केवळ जास्त तापमानाच्या प्रयोगांवर बेतलेलं सूत्र इथे फसणार. तेव्हा आकडे जुळले एवढ्यावर आम्ही थांबत नाही. कोणत्या दाबाला, कोणत्या तापमानाला जुळले, ते विचारतो.

पण संगणकाचं एक देणं मोठं आहे, बरं का. चुलीत लाकूड तेच ठेवून आयत्या वेळी ओलावा तेवढा वजा करता येत नाही. संगणकात 325 पैकी एकच अभिक्रिया बंद करून तीच आग पुन्हा लावता येते.