समुद्रावरून पत्रास कारण की… (लेखांक ९) : बोलनळ्यांचा किस्सा

‘एई-२’ पाणबुडीचा कप्तान स्टोकर या आठवड्यात येणार होता; त्याला थोडे थांबवू. मालवणच्या एका वाचकाने विचारले आहे, खलाशांची पत्रे अधिकारी तपासत, मग अधिकाऱ्यांची पत्रे कोण तपासी?

जहाजावर बहुधा कोणीच नाही. खलाशाने पाकीट उघडेच द्यायचे. अधिकाऱ्याचा मात्र शब्द पुरे. जहाज कुठे आहे, कुठे निघाले, हे न लिहिण्याची जबाबदारी त्याची त्याच्यावर. फार तर किनाऱ्यावरचा सेन्सॉर एखादे पाकीट फोडी. त्यामुळे ही पत्रे हवापाणी आणि जेवणाच्या पुढे सहसा जात नाहीत.

‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन क्रूझरवरून १९१४ अखेर आलेली पत्रे याला सणसणीत अपवाद. २२ सप्टेंबरला मद्रासच्या तेलटाक्या पेटवणारी जर्मन ‘एम्डेन’ ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ‘सिडनी’च्या तावडीत सापडली आणि संपली. आता लपवायचे काय? घरच्यांनी पत्रे थेट वर्तमानपत्रांकडे नेऊन दिली.

सामना विषम होता. ‘सिडनी’च्या तोफा सहा इंची, ‘एम्डेन’च्या जेमतेम चार इंचांच्या. तरी पहिला नेम जर्मनांचा बसला आणि ‘सिडनी’चे अंतरमापक यंत्रच उडाले. शेवटी ‘सिडनी’चे चार जण गेले, ‘एम्डेन’चे सव्वाशेहून अधिक.

माझा आवडता किस्सा एका अधिकाऱ्याच्या पत्रातला आहे. कैद झालेल्या ‘एम्डेन’च्या कॅप्टन फोन म्युलरला तो म्हणाला, तुम्ही फार चांगले लढलात. म्युलर तुटकपणे ‘नाही’ म्हणाला आणि निघून गेला. थोड्या वेळाने आपणहून परतला, आभार मानले आणि म्हणाला की समाधान मात्र नाही, याहून चांगले लढायला हवे होते. सुरुवातीलाच आमच्या बोलनळ्या उडाल्या, हे तुमचे नशीब. या नळ्यांतूनच तोफांपर्यंत हुकूम जात. त्या गेल्यावर तोफा शाबूत असून काय उपयोग?

‘सिडनी’च्या कॅप्टन ग्लॉसॉपच्या सरकारी अहवालात हा संवाद नाही. पण अहवाल कोरडा आहे असेही समजू नका. ‘एम्डेन’ खडकावर चढली तरी निशाण उतरेना, इशाऱ्यांना उत्तर येईना, तेव्हा दुपारी साडेचारला आपण अगदी नाइलाजाने पुन्हा तोफा डागल्या, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. पाच मिनिटांत पांढरी निशाणे दिसली. पुढे जखमी जर्मनांना घेऊन कोलंबोत शिरताना त्याने आधीच विनंती केली, की कोणी जयघोष करू नये.

जिंकलेल्या लढाईची पत्रे अशी भरभरून मिळतात. हरलेल्या लढाईची मिळतीलच असे नाही. १९ नोव्हेंबर १९४१ रोजी याच नावाची दुसरी ‘सिडनी’ पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळ जर्मन ‘कॉर्मोरान’ जहाजाशी लढून बुडाली. तिच्यावर ६४५ जण होते. त्यांपैकी एकही वाचला नाही, त्यामुळे त्या लढाईची हकीकत आपल्याला जर्मन कैद्यांकडूनच ऐकावी लागते.

स्टोकर पुढच्या आठवड्यात, नक्की.