जुन्या बुलेटला कोणत्या नंबरचे तेल घालावे?



मद्रासला १९५५ साली बुलेटची जुळणी सुरू झाली. त्या बीडाच्या इंजिनाच्या जुन्या गाड्या आजही वाड्या-वस्त्यांवर जपून ठेवलेल्या दिसतात. मात्र तेल बदलायची वेळ आली की ट्रॅक्टरच्या डब्यात उरलेले तेल ओतून मोकळे व्हायचे, अशी सवय बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून ही माहिती.

डब्यावरचा ३०, ४०, ५० हा नंबर म्हणजे वजन नव्हे की तापमानही नव्हे. तो तेलाचा दाटपणा सांगतो. काकवीचेच बघा ना. थंडीत पहाटे ती डब्यातून उतरत नाही आणि तापवली की पाण्यासारखी वाहते. तेलाचेही तसेच. साधे ५० नंबरचे तेल तापल्यावर चांगली फिल्म धरते, पण कडाक्याच्या थंडीत पंपाला ते लवकर ओढवत नाही. ३० नंबरचे तेल थंडीत चटकन पोचते, पण उन्हाळ्यात फार पातळ पडते.

२०डब्ल्यू-५० या तेलात दोन्ही गोष्टी साधतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. थंड असताना हे तेल २० डब्ल्यूसारखे वागते आणि तापल्यावर ५० सारखे. बीडाच्या बुलेटला बारा महिने हेच मिनरल तेल योग्य. ट्रॅक्टरचे १५डब्ल्यू-४० तापल्यावर त्यापेक्षा पातळ राहते.

एवढा काटेकोरपणा कशाला? या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश असते. ते पंपाने दाबाने आलेल्या तेलावरच तरंगते. तेल पोचले नाही तर बुश खाते, ठोका येतो आणि क्रँक उघडावा लागतो.

आता काही सूचना.

१) किक मारल्यावर लगेच रेस देऊ नये. एक-दोन मिनिटे गाडी मंद चालू द्यावी.

२) गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतले तेल पंपातून क्रँककेसमध्ये झिरपते आणि पट्टीवर कमी दिसते. लगेच वरून तेल ओतू नये. गाडी थोडी चालवून, बंद करून मग पट्टी बघावी. जादा भरलेले तेल ब्रीदरमधून बाहेर पडते.

३) तेल इंजिन गरम असताना काढावे, फिल्टरही बदलावा. वर्षानुवर्षे साधे तेल वापरलेले असेल तर आधी मिस्त्रीकडून आतला गाळ साफ करून घ्यावा. नव्या तेलाने तो सुटून तेलाच्या वाटा तुंबतात.

४) गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेनकेस यांचे वंगण वेगळे असते. ते पुस्तिकेप्रमाणे घालावे.

जुन्या येझदी, राजदूतवाल्यांनी हे तेल पेट्रोलमध्ये मिसळू नये. त्या टू-स्ट्रोक गाड्या, त्यांना टू-टी तेलच लागते.

तेलाचा डबा दोन पैसे महाग पडला तरी चालेल, क्रँकचे काम निघाले तर खर्चाला पारावार नाही.