मतपत्रिकेवर कोंबडी

४ नोव्हेंबर २००८. बराक ओबामा निवडून आले तो दिवस. कॅलिफोर्नियातल्या मतदाराच्या हातात त्या दिवशी लांबलचक मतपत्रिका पडली होती. राष्ट्राध्यक्ष कोण हवा, हा प्रश्न तिच्यात होताच. राज्यात अतिवेगवान रेल्वेसाठी कर्ज काढायचं का, हाही होता. आणि त्याच रांगेत होता कोंबडीच्या पंखांचा प्रश्न!

त्याचं नाव प्रपोझिशन टू. अंडी देणारी कोंबडी, गाभण डुकरीण आणि मांसासाठी वाढवलेलं वासरू यांना दिवसाचा बराचसा वेळ उभं राहता, आडवं होता, स्वतःभोवती वळता आणि हातपाय किंवा पंख पुरते ताणता आले पाहिजेत. मागणी एवढीच. ८२ लाखांहून अधिक लोकांनी 'हो' म्हटलं, म्हणजे ६३ टक्क्यांच्याही वर.

पण कायदा करायचा तर विधिमंडळ असतं ना? कॅलिफोर्नियात १९११ पासून एक आडवाट आहे. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत जितकी मतं पडली, त्यांच्या ५ टक्के सह्या जमवा, की तुमचा कायदा थेट लोकांपुढे मताला येतो. आमदाराच्या दारात खेटे घालायला नकोत. कोंबड्यांच्या बाजूनं सही करायला माणसं मिळाली, याचंच मला आधी नवल वाटलं होतं. मग कळलं की खरं नवल त्या मागणीतल्या शब्दांचं आहे.

ते शब्द कॅलिफोर्नियाचे नव्हतेच. १९६४ साली ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांचं 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक आलं. पिंजऱ्यांत कोंबून चाललेली पशुपालनाची नवी पद्धत वाचून लोक हादरले, सरकारला समिती नेमावी लागली. प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रॅम्बेल तिचे अध्यक्ष. १९६५ च्या अहवालात समितीनं म्हटलं, की प्राण्याला निदान उभं राहता, आडवं होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. त्यातल्या चार हालचाली ४३ वर्षांनी समुद्र ओलांडून मतपत्रिकेवर उतरल्या!

आता खरी गंमत. 'वळता आलं पाहिजे' हे ठीक, पण त्याला जागा किती लागते? २००८ च्या कायद्यात एकही आकडा नव्हता. (आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी-छळविरोधी कायद्यातही पिंजऱ्यात हालचालीला वाजवी वाव हवा, एवढंच आहे. वाजवी म्हणजे किती?) मग काय, वाद सुरू.

उत्तर कोंबडीकडेच होतं. मॅरियन डॉकिन्स आणि हार्डी या ब्रिटिश संशोधकांनी कोंबड्यांच्या हालचाली वरून टिपल्या आणि शरीर किती जागा व्यापतं ते मोजलं. १९८९ मध्ये आकडे छापून आले. नुसतं उभं राहायला सरासरी ४७५ चौरस सेंटिमीटर. वळायला १,२७२. पंख फडफडवायला १,८७६. आणि अमेरिकेतल्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला सर्रास किती जागा येत होती? साधारण ४३२! ए-फोर कागदाचा तिसरा हिस्सा दुमडून टाकला की उरतो, जवळपास तेवढी. अमेरिकेतली पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी या मोजलेल्या कोंबड्यांपेक्षा अंगानं जरा लहान, हे मान्य. तरी पंखांचं काय?

कोंबडीला विचारण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो मला फार आवडतो. पिंजऱ्याच्या तळाची बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबड्यांना त्रासदायक, असं ब्रॅम्बेल समितीनं ठरवलं होतं. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांपुढे वेगवेगळे तळ ठेवले. कोंबड्या चालत गेल्या त्या नेमक्या त्या बारीक जाळीवर! पंजाला तिथे जास्त ठिकाणी टेकू मिळतो. शहाण्यासुरत्या माणसांच्या समितीला कोंबड्यांनी पायांनी मत देऊन खोटं पाडलं.

कॅलिफोर्नियाचे आकडे आले २०१८ मध्ये, प्रपोझिशन ट्वेल्व्हमधून. पुन्हा मतदान, पुन्हा ६२ टक्क्यांहून अधिक होकार. वासराला ४३ चौरस फूट. कोंबडीला आधी एक चौरस फूट आणि २०२२ पासून पिंजराच बंद. डुकरिणीला २४ चौरस फूट. तिची नेहमीची चौकट असते सुमारे २ फूट रुंद, ७ फूट लांब. गाभणपणाचे ११४ दिवस, दोनशे किलोंच्या आसपासचं धूड, आणि मागे वळून पाहायची सोय नाही.

याहूनही चकित करणारं कलम पुढे आहे. कायदा कॅलिफोर्नियातल्या फार्मवर थांबला नाही, त्यानं विक्रीलाच हात घातला. ज्या पिल्लाची आई अशा चौकटीत राहिली, त्याचं मांसही राज्यात विकायचं नाही! म्हणजे खाटकाच्या फळीवरच्या तुकड्याची आई कुठे राहत होती, ते माहीत हवं. कॅलिफोर्निया देशातलं सुमारे १३ टक्के डुकराचं मांस खातं आणि जवळजवळ सगळं बाहेरून आणतं. मत पडलं लॉस एंजेलिसला, पण भिंती हलवायच्या आयोवासारख्या दुसऱ्या राज्यात. तिथल्या कुणालाही मत नव्हतं!

साहजिकच डुक्कर-उत्पादक कोर्टात गेले. एका राज्यानं दुसऱ्या राज्यातला धंदा असा वेठीला धरावा का? प्रश्न फालतू नाही, आणि माझ्या मते त्याचं सोपं उत्तरही नाही. ११ मे २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ असा निकाल देऊन कायदा टिकवला. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की राज्यघटना पुष्कळ गंभीर विषयांवर बोलते, पण कॅलिफोर्नियातल्या दुकानदारानं कुठले पोर्क चॉप विकावेत हा त्यातला विषय नव्हे.

आता तिथे मांस पाठवायचं तर आधी फार्मची तपासणी होऊन दाखला मिळावा लागतो, आणि मालासोबतच्या कागदावर तो प्रपोझिशन ट्वेल्व्हला धरून असल्याचं लिहावं लागतं. मात्र हे सारं कच्च्या, अख्ख्या तुकड्यांपुरतं. पिझ्झा, सँडविच, सूप आणि हॉटडॉग यांना कायद्यातच सूट आहे. त्यामुळे चॉपची आई मोकळी वळते, आणि पिझ्झ्यावरच्या पेपरोनीची आई अजूनही दोन फुटांच्या चौकटीत असू शकते, एकाच शहरात, एकाच कायद्याखाली.