देहभान



कीर्तनात रंगून गेलेल्या माणसाचे 'देहभान हरपले' असे आपण कौतुकाने म्हणतो. आज मी उलट गोष्ट सांगणार आहे. देहभान राखावे कसे आणि त्यातून ध्यानाची वाट कशी सापडते, हा आजच्या भाषणाचा विषय.

सुरतेच्या ज्या नवागामात मी राहतो, तेथे खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. यंत्रमागावर काम करणाऱ्याची पाळी संपते. पण मागाचा खडखडाट त्याच्या डोक्यात चालूच राहतो. अशा माणसाला 'मन एकाग्र कर' असे सांगणे व्यर्थ होय. मन कालच्या भांडणात नाही तर उद्याच्या देण्यात गुंतलेले असते. शरीर मात्र सदैव आत्ता आणि येथेच असते. तेव्हा मनाला घरी आणावयाचे, तर त्याने शरीराचे बोट धरावे, हे उत्तम.

हा विचार जुना आहे. पाली वाङ्मयातील सतिपट्ठान सुत्तात सजगतेची चार अधिष्ठाने सांगितली आहेत. त्यांत पहिले देहाचे. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेली विपश्यना सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात आणली. त्यांचे येथील पहिले शिबिर मुंबईत झाले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. दहा दिवसांच्या शिबिरात प्रथम तीन दिवस केवळ नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायांपर्यंत लक्ष फिरवावयाचे. खाज, ऊब, ठणका, जे जाणवेल ते पाहावयाचे. सुखद असेल ते धरून ठेवावयाचे नाही, दुःखद असेल त्याला ढकलावयाचे नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली रुग्णांसाठी सुरू केलेल्या अभ्यासक्रमातही, निजून एकेका अवयवावर लक्ष नेण्याचा पाठ आहे.

याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. मी शिक्षक आहे. काही महिने हा अभ्यास चालू असताना, गृहपाठ न केलेल्या एका मुलावर माझा हात उगारला गेला. त्याच क्षणी मला जाणवले की दाढा आवळल्या आहेत, कानशिले तापली आहेत. तेवढ्या जाणिवेने हात थांबला. मग विचारता कळले की, वडील रात्रपाळीला गेल्यामुळे तापाने फणफणलेल्या धाकट्या बहिणीपाशी तो रात्रभर बसून होता. राग आधी अंगात चढतो, मग हातात येतो. अंगातच तो ओळखता आला, तर मधे विचाराला जागा मिळते.

आरंभ अगदी साधा आहे. रात्री सतरंजीवर उताणे निजावे. पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत सावकाश लक्ष न्यावे. मन पळाले, तर स्वतःवर न चिडता जेथून सुटले तेथे त्याला परत आणावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मात्र दुखण्यावर हे औषध नव्हे. त्यासाठी डॉक्टरकडेच जावे. जुने भय उसळून येत असेल, तर अभ्यास थांबवून जाणत्याचा सल्ला घ्यावा.

निजावयास वेळ नसेल, तर मागापाशी उभे असतानाच तळपाय जमिनीला टेकलेले जाणून घ्यावेत. तेवढेही आरंभाला पुरे आहे.