ठिबक संचात पांढरा साका का धरतो?

स्फुरदयुक्त विद्राव्य खत ठिबकमधून दिल्यावर कधी कधी ड्रिपर चोंदतात. आपण खताला दोष देतो; पण बहुधा खत आणि पाणी यांचा मेळ बसलेला नसतो.

जड पाण्यात कॅल्शियम विरघळलेले असते. त्याचा स्फुरदाशी संयोग होऊन कॅल्शियम फॉस्फेट तयार होते. ते पाण्यात मावेनासे झाले की प्रथम अतिसूक्ष्म कण जमतात आणि त्यांवर थर चढून स्फटिक वाढतात. म्हणूनच एकदा साका धरलेल्या नळीत नवा साका लवकर बसतो. पाण्याचा सामू जास्त असला किंवा नळ्या उन्हात तापल्या, तर ही क्रिया वेगाने होते. ड्रिपर तर बंद पडतातच, शिवाय साक्यात अडकलेले स्फुरद पिकापर्यंत पोचत नाही.

यासाठी 12:61:00 किंवा 0:52:34 या खतांबरोबर कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत मिसळू नये. ते वेगळ्या दिवशी द्यावे. नवे खत वापरण्यापूर्वी काचेच्या बरणीत आपल्याच विहिरीचे पाणी घ्या, खत ठरलेल्या प्रमाणात मिसळा आणि दोन तास ठेवा. पाणी गढुळले किंवा तळाशी साका बसला, तर ते खत ठिबकमधून देऊ नका. खत दिल्यानंतर नुसते पाणी सोडून संच धुवावा.