बिअरचे बिनसते सहा अंशांत

अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरी बिअर करायला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली आणि हा छंद तिथल्या गॅरेजांत फोफावला. यातले कसलेले हौशी तयार अर्क घेत नाहीत, थेट धान्यापासून सुरुवात करतात. मोड आणून वाळवलेल्या बार्लीची भरड गरम पाण्यात तासभर ठेवली, की तिच्यातली विकरे पिष्टाची साखर करतात. (मोडाच्या नाचणीच्या पिठाची पेज पातळ होते, तीही अशाच विकरांमुळे.) त्यासाठी ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमान लागते.

नवखा इथेच फसतो. ६७ अंश हवेत म्हणून पाणीही ६७ अंशांचेच ओततो. पण गार भरड उष्णता ओढून घेते. भरड २० अंशांवर आणि किलोला तीन लिटर पाणी असेल, तर पाणी ७३ अंशांच्या आसपास लागते. भांडे गार असेल तर आणखी थोडे.

मग जास्तच तापवले तर? ते अधिक वाईट. यीस्टला पचणारी माल्टोज साखर मुख्यतः बीटा-अमायलेज हे विकर बनवते आणि ७० अंशांपुढे ते झपाट्याने निकामी होते. वरून गार पाणी ओतले तर तापमान उतरते, विकर मात्र परत येत नाही. बिअर जड, गोडसर राहते. उलट तापमान कमी पडले, तर थोडे थोडे उकळते पाणी घालून सावरता येते. मात्र आधी नीट ढवळून दोन-तीन ठिकाणी थर्मामीटर बुडवायचा, कारण गुठळ्यांच्या पोटात भरड कोरडी आणि गारच असते.