दत्ताचे श्वान, खंडोबाचा कुत्रा आणि छापाची कला

खान्देशातील अनेक घरांत कुत्रा देवांच्या सोबतीने पूजेला बसतो. देव्हाऱ्यातील खंडोबाच्या टाकावर तो घोड्याच्या पायांशी असतो आणि भिंतीवरच्या तसबिरीत दत्ताच्या पायांशी. जळगाव जिल्ह्यात फैजपूरला खंडोबाचे देवस्थान आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. 1998 पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होते, आता ते नंदुरबारमध्ये आहे. दत्ताचे चार श्वान चार वेदांचे प्रतीक मानले जातात, तर खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात.

टाक म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर उठवलेली प्रतिमा. तिच्यात कुत्र्याचा आकार कळतो, पण केसांचा पोत दाखवायला जागा नसते. तो पोत कागदावरच्या छापात आला आणि प्रत्येक तंत्राने तो वेगळ्या रीतीने साधला.

लाकडी ठशात न छापायचा भाग कोरून काढतात आणि उरलेल्या उंच भागाला शाई लावतात. त्यामुळे रेषा जाड व ठळक येते. ताम्रपटाचे उलट असते: पत्र्यावर कोरलेल्या खाचांत शाई भरून तो दाबाखाली छापतात. जर्मन चित्रकार ड्यूररच्या 1513 मधील ताम्रपट-छापात घोडेस्वाराच्या घोड्याशेजारून एक कुत्रा धावतो. त्याची लव बारीक रेषांनी घडवली आहे.

शिळाछापात खोदकाम नसते. सेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास हे तंत्र शोधले. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतात आणि शिळा ओली करतात. पाणी कोऱ्या भागावर टिकते आणि शाई तेलकट भागालाच धरते. खडूच्या दाणेदार उमटण्यातून कुत्र्याच्या अंगावरची मऊ छाया दिसते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिळा लागते आणि सगळे छाप अचूक एकमेकांवर बसावे लागतात. त्यावर वार्निश चढवले की तैलचित्राचा भास देणारा ओलिओग्राफ तयार होतो.

पुण्याच्या चित्रशाळेने 1878 पासून आणि राजा रविवर्मांच्या छापखान्याने 1894 पासून अशी देवचित्रे घरोघरी पोहोचवली. रविवर्मा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे ऑफसेट छपाईने शिळांची जागा घेतली.

जुन्या तसबिरीतील श्वानाचे अंग भिंगाखाली पाहिले, तर शिळाछाप आणि ऑफसेट यांतील फरक ओळखता येतो. शिळाछापात ठिपके अनियमित असतात, तर ऑफसेटमध्ये ते ठरावीक जाळीत बसलेले दिसतात. म्हणून जुनी तसबीर टाकून देण्याआधी तिचा छाप जरूर तपासावा.